रानच्या नवऱ्या, काचेचे नवरे

१

त्या दिवशी सकाळी संशोधन संस्थेच्या माशीघरातल्या नव्या बाटल्यांमध्ये एकही अळी सापडली नाही.

माशा होत्या. ढीगभर होत्या. काचेवर चढत होत्या, घसरत होत्या, पंख पुसत होत्या, जोडी जमवून निवांत बसत होत्या. अगदी नांदतं घर म्हणावं असा थाट. पण बाटलीच्या तळाशी मक्याच्या पिठाचा थर असतो ना, ज्यात एरवी अळ्यांची नुसती वळवळ चालते, तो गुळगुळीत होता. एक भोक नाही की एक अंडं नाही. बाटलीमागून बाटली उजेडात धरली तरी तेच.

"विष घातलंय कुणीतरी," संचालक म्हणाले. "कुणी घातलं तेही मला माहीत आहे. तू फक्त खात्री करून दे, आत्या."

आत्या म्हणजे त्यांची सख्खी आत्या. पण भाचा सगळ्यांसमोर तिला आत्या म्हणायचा, म्हणून अख्खी संस्था आत्या म्हणायला लागली. विमा कंपनीत तिचा जन्म गेला. कुठे गोदाम जळालं, कुठे होडी बुडाली की तिला पाठवायचे, आणि ती राख उकरून सांगायची, आग लागली की लावली. आता निवृत्त होऊन घरी बसली होती आणि दिवसातून चार डुलक्या काढत होती. विचार करायची ती तिची एकमेव पद्धत होती, असं ती म्हणायची. लोक हसायचे, हसोत बापडे.

"खात्री तुझी झालेलीच आहे, तर मला कशाला झोपेतून उठवलंस?" आत्या म्हणाली. "नीट सांग. आणि शास्त्र कमी सांग."

भाच्यानं सांगितलं. माशीघरात एक जुना वंश होता, जांभळ्या डोळ्यांचा. या माशा इतर माशांच्या जवळजवळ दुप्पट जगायच्या. माशीघराच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांनी आयुष्यभर त्यांच्यावर काम केलं होतं. बाईंच्याही बाईंनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, तो वंश कोण जाणे केव्हा काचेत आणला, तेव्हापासून त्याला बाहेरचा वारा लागला नव्हता. यंदा बाटल्यांना बारीक किडीनं गाठलं आणि वंश मरायला टेकला. मग ठरलं, उरलेल्या माशांच्या जोड्या रानातून पकडलेल्या तांबड्या डोळ्यांच्या माशांशी लावायच्या. पोरं तांबड्या डोळ्यांची होतील, पण नातवंडांत जांभळा डोळा परत येईल. पोरं झाली, उबेच्या कपाटात छान वाढली. आणि एकजात वांझ निघाली.

"जोड्या कुणी लावल्या?"

"धाकटीनं. बाईंची विद्यार्थिनी. स्वतःच कबूल करते. आणि मागे तिला कोटाखाली बाटली लपवून नेताना पहारेकऱ्यानं पाहिलं होतं. आता सांग! वंश चोरला, बाहेर विकला, आणि इथला मारून टाकला. उद्या समितीची बैठक आहे. उद्या तिला काढणार. असा डाग लागला की दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवता येत नाही."

"ती काय म्हणते?"

"मूग गिळून बसलीये."

आत्यानं एक बाटली उचलली. तोंडाला कापसाचा बोळा होता, पातळ मलमलीत गुंडाळलेला, वर दोऱ्याची घट्ट गाठ. शेजारच्या बाटलीलाही तसाच, तिच्या शेजारच्याही.

"बोळे छान वळलेत," आत्या म्हणाली.

भाच्यानं कपाळाला हात लावला. आत्या आता थकली, असं त्याला वाटलं असणार.

२

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली होती. वयानं लहान, अंगानं किरकोळ, डोळे रडून सुजलेले. आत्या शेजारी टेकली आणि हातातली बाटली मध्ये ठेवली. धाकटीला एक शिंक आली. मग दुसरी, मग लागोपाठ तिसरी.

"सर्दी झालीये?"

"कापूस, आत्या. मला चालत नाही. मी स्पंजचीच बुचं वापरते." तिनं बाटली लांब सरकवली आणि एकदम गप्प झाली.

आत्यानं काही ऐकलंच नाही असं दाखवलं. असं दाखवणं तिला फार छान जमायचं.

"जोड्या तू लावल्यास?"

"हो. मीच."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि ती कोटाखालची बाटली?"

"नेली मी."

"कुठे?"

धाकटीनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. तिची नजर मात्र जिन्यावरून वर गेली, माशीघराच्या दाराशी. तिथे म्हाताऱ्या माणसाच्या मऊ सपाता काढून ठेवल्या होत्या. एक सपात उलटी पडली होती. धाकटी उठली, ती सुलटी केली आणि परत येऊन बसली.

"पोरी, उद्या तुला हाकलतील. तुझी सगळी वर्षं पाण्यात जातील. कळतंय ना?"

"कळतंय. मला काढू देत. पण आत्या, तुमच्या पाया पडते, बाईंना यातलं काही विचारू नका."

विचारू नको म्हटलं की विमावाल्याचे पाय नेमके तिकडेच वळतात. आत्या गुडघे धरत उठली आणि जिना चढू लागली.

३

माशीघरात दिवस असा नव्हताच. खिडक्यांना पिवळट पडदे, त्यातून गाळून येणारा उजेड, आंबलेल्या पिठाचा गोडसर वास आणि हजारो पंखांची गुणगुण. तिथे पाय ठेवला की माणसाची पापणी जड व्हायची. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र केसांचा सैल अंबाडा, मांडीवर कापसाचा पुडा. बोटं आपसूक बोळे वळत होती.

"या, आत्याबाई. चहा घेणार? माशा पाळणं फार सोपं हो. त्यांना शाळेत घालावं लागत नाही, आणि लग्नाचा खर्च पिठात भागतो!"

आत्या खळखळून हसली. चहा आला. तिनं फळीवरच्या बाटल्यांकडे बघितलं. वरच्या फळीवर त्या वांझ माशा होत्या. खालच्या फळीवर निव्वळ रानच्या माशा, आणि त्यांच्या तळाशी अळ्यांची जत्रा लागलेली.

"यांचं पीठ वेगळं शिजतं का?"

"छे, एकाच पातेल्यातलं."

मग विष कसलं डोंबलाचं! आत्यानं मनातल्या मनात भाच्याचा कान पिळला. विष असतं तर खालची फळीही ओस पडली असती.

"बाई, जोड्या कशा लावतात हो?"

बाईंचा चेहरा उजळला. "नर-मादीची गाठ पडायच्या आत, कोशातून बाहेर आल्या आल्या, कुंचल्यानं वेचायचं. वेचलेल्या माद्यांना आम्ही नवऱ्या म्हणतो. आणि एक नियम. रानच्या नवऱ्या, काचेचे नवरे. उलट कधी करायचं नाही. माझ्या बाईंनी मला रोज सांगितलं, मी पोरीला रोज सांगते. तिला वाटत असेल, काय म्हातारी तेच तेच घोकते."

"उलट का नाही करायचं?"

"त्याचं कारण..." बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "कारण मोठं सुंदर आहे. सांगते हं. चहा घेणार?"

आत्यानं हातातल्या भरल्या कपाकडे बघितलं. "घेईन की."

"माशा पाळणं फार सोपं हो, आत्याबाई. त्यांना शाळेत घालावं लागत नाही, आणि लग्नाचा खर्च पिठात भागतो!"

आत्या पुन्हा हसली, पहिल्याइतकंच. पण हातातला भरला कप तिनं तसाच खाली ठेवला.

"यंदाच्या जोड्या धाकटीनं लावल्या ना?"

"पोरीनंच. हो, पोरीनंच." बाईंची बोटं थांबली. "का तिला ताप आला होता? फणफणली होती बिचारी. ते गेल्या वर्षी की काय... सांगता नाही येत."

४

बाई जेवायला गेल्या आणि आत्याला त्यांच्याच खुर्चीत डुलकी लागली.

स्वप्नात तिची आई दारात उभी होती. आत्या लहान, पाठीला दप्तर. "रस्ता बघून ओलांड. कुणी खाऊ दिला तर घ्यायचा नाही. गोड बोलणाऱ्याच्या मागं जायचं नाही." रोजचंच. कालही हेच, परवाही हेच. "माहितीये गं, आई!" म्हणत आत्या रस्त्याला लागली. पुढे दारं लागली, एकासारखं एक, संपेचनात. प्रत्येक दारात कुणीतरी गोड बोलत उभं होतं. आणि प्रत्येक वेळी कानात आईचं ते कंटाळवाणं वाक्य वाजायचं आणि ती पुढे निघायची.

"आत्या? बरं वाटत नाही का?"

पलीकडच्या प्रयोगशाळेतले डॉक्टर होते. त्यांचं काम झाडांवर, पण डोळा माशीघरावर. ही उबदार खोली त्यांना आपल्या रोपांसाठी हवी होती, हे अख्ख्या संस्थेला ठाऊक होतं. संशय घ्यायचा तर पहिला यांचाच घ्यायला हवा होता.

"बसा," आत्या म्हणाली. "मला सांगा, आईनं तेच तेच सांगत राहण्याला तुमच्या शास्त्रात काही किंमत आहे का?"

डॉक्टर हसले, आणि मग गंभीर झाले. "आहे. फार मोठी आहे." ते स्टुलावर बसले. "पेशीत डीएनए असतो. त्यातला बराचसा भाग म्हणजे त्याच त्याच मजकुराच्या नकला. काही तुकडे निव्वळ आगंतुक. स्वतःची नक्कल काढायची आणि दुसरीकडे जाऊन घुसायचं, दुसरा धंदा नाही. चांगल्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसले तर त्याची वाट लावतात."

"मग पेशी गप्प बसते?"

"ती त्यांनाच गप्प करते. जुन्या आगंतुकांचे मोडके तुकडे तिनं डीएनएच्या एका कोपऱ्यात साठवलेले असतात. त्यांच्यावरून ती आरएनएचे अगदी चिमुकले धागे तयार करते. एकेक धागा हाताशी धरून एकेक प्रथिन पहाऱ्यावर निघतं. त्या धाग्याशी जुळणारा निरोप कुणी पाठवायला लागला की तो निरोप तिथल्या तिथे कापायचा, आणि तो आगंतुक बसलाय ती जागाच आवळून बंद करायची. आगंतुक जात नाही हं. तिथंच राहतो, पण तोंड उघडत नाही."

"आणि बाळाच्या पेशीला हे धागे कोण देतं?"

"आई. अंड्यात भरून ठेवते. बापाच्या बीजात एवढी जागा कुठे? त्यात जेमतेम डीएनए मावतो."

आत्याची झोप पार उडाली. "म्हणजे चोर बापाकडूनही येईल, पण पहारा आईकडूनच."

"बरोबर."

"आणि आईनं तो चोर जन्मात पाहिलाच नसेल तर?"

"तर बाळ वाढतं, धडधाकट दिसतं. पण त्याच्या बीजकोशात चोराला रान मोकळं. उबेत तर तो जास्तच माजतो. बाळ वांझ..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. मग त्यांनी जोरात मान हलवली. "नाही, नाही. रानच्या माशांत असा आगंतुक आहे, खरंय. काचेतल्या माशा तो पसरायच्या आधीच पकडलेल्या, त्यांनी तो पाहिलेला नाही, हेही खरं. पण म्हणूनच तर बाईंचा नियम आहे! आई रानची, म्हणजे पहारा आईबरोबर येतो. इथे उलट होणं शक्य नाही. नियम आमच्या भिंतींनासुद्धा पाठ झालाय. तपासायची गरजच नाही."

"जळालेल्या गोदामाचा मालकही मला हेच म्हणायचा," आत्या उठली. "मेलेल्या माशा कुठे टाकता?"

५

मेलेल्या माशा तेलाच्या बाटलीत टाकत. अंडी घालून झाली की आईबापांचं काम संपतं, मग त्यांना तेलात बुडवायचं. या जोड्यांसाठी वेगळी बाटली होती आणि ती टाकून द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. आत्याला आनंद झाला. राखेची तिला सवय होती.

डॉक्टरांनी चमचाभर माशा काचेवर ओतल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "पोटाचं मागचं टोक काळं असेल तो नर," ते म्हणाले. मग आणखी चमचाभर ओतून पुन्हा पाहिलं.

"डोळे?" आत्यानं विचारलं.

"नर तांबडे. सगळे. आणि माद्या..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माद्या जांभळ्या."

म्हणजे नवऱ्या काचेच्या आणि नवरे रानचे. नियम नेमका उलटा झाला होता. विष नव्हतं की वैर नव्हतं. चोर बापांबरोबर आला आणि दाराशी पहारा नव्हता.

"धाकटीनं असं कसं केलं?" डॉक्टर पुटपुटले.

"धाकटीनं नाही केलं. वांझ बाटल्यांना बोळे कापसाचे आहेत. तिला कापूस नाकाजवळ सोसत नाही." आत्यानं खिडकीपाशी ठेवलेल्या पुड्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. खोलीची हाव धरलेला तो माणूस, पण त्याचे डोळे भरून आले.

"मी कुणाकडे बोलणार नाही," ते म्हणाले.

धाकटी राहायची ती खोली जवळच होती. आत्या न सांगता गेली. दार उघडलं तेव्हा पोरीचा चेहरा पांढरा पडला. खिडकीत, उन्हापासून आडोशाला, एक बाटली होती. तोंडाला स्पंजचं बूच, आत तांबड्या डोळ्यांच्या माशा, आणि तळाशी अळ्यांची झकास वळवळ.

"यांचे बाप म्हणजे काचेचे उरलेले नवरे ना?" आत्या म्हणाली.

धाकटीनं सगळं सांगितलं. तापातून उठून ती कामावर आली तेव्हा जोड्या लागून गेल्या होत्या, बाईंच्या हातच्या. थंड कपाटात जांभळ्या डोळ्यांचे नर तेवढे उरले होते, कुणालाच नको असलेले. पाहताक्षणी तिला सगळं कळलं. रानच्या थोड्या नवऱ्या वेचून तिनं ते नर घरी आणले आणि नियमाप्रमाणे जोड्या लावल्या. नातवंडं जांभळी निघाली की गुपचूप माशीघरात नेऊन ठेवायची होती. कुणाला काही कळलं नसतं.

"गेलं वर्षभर त्या विसरतात," ती हुंदके देत म्हणाली. "मी मागून सगळं सावरून घेते. ते आठ दिवस मी आजारी पडले नसते तर... आत्या, त्यांना घरी कुणी नाही. माशीघर गेलं तर त्या कुठे जातील? माझं काय, मी तरुण आहे. काहीतरी करेन."

आत्यानं तिला जवळ घेतलं. खरं सांगावं तर म्हातारीची खोली जाते, झाकावं तर पोरीचा जन्म जातो. उभ्या आयुष्यात तिनं आगी लावणारे पकडले होते, पण असा पेच कधी पडला नव्हता.

"तुझी माया कळते गं," ती शेवटी म्हणाली. "पण त्या शास्त्रज्ञ आहेत. पुरावा त्यांच्यापासूनच लपवायचा? हा निकाल त्यांना लावू दे."

६

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा पडद्यातून येणारा उजेड मधासारखा पिवळा झाला होता. धाकटी दाराला टेकून उभी होती, ओठ दातांत धरून.

"नवऱ्या जांभळ्या," बाई म्हणाल्या. "उलट्या लावल्यात. कुणी हा गाढवपणा..." त्यांनी डोळा काढला. आत्यानं मुकाट्यानं एक वांझ बाटली त्यांच्या हातात दिली. बाईंनी बोळा चाचपला, मलमल, दोरा, गाठ. मग मांडीवरचा अर्धा वळलेला बोळा उचलून शेजारी धरला.

"हे बोळे माझे आहेत," त्या म्हणाल्या.

माशा गुणगुणत राहिल्या.

"पोरीला माहीत होतं?"

"होतं," आत्या म्हणाली. "उद्या तिला काढणार आहेत, तरी ती गप्प बसली."

"आणि ती माझ्यासाठी हाकलून घेणार होती." बाई उठल्या. "वेडी कुठली! माझं नाव राखायला स्वतःला जाळून घेते. चला, मला तुमच्या भाच्याकडे न्या. आत्ता न्या, आत्याबाई. सगळं ध्यानात आहे तोवर मला बोललं पाहिजे."

त्या बोलल्या. उभ्यानं, शांतपणे, एकही शब्द न चुकता. संचालक खाली मान घालून ऐकत होते. आत्यानं एवढंच म्हटलं, "झाली का खात्री?" आणि भाच्यानं उठून आधी धाकटीची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी समितीसमोर कारवाईचा कागद गेलाच नाही. माशीघर धाकटीकडे आलं. तिनं एकच अट घातली, खिडकीपाशची खुर्ची कुणी हलवायची नाही. त्या अटीला सगळ्यात आधी होकार दिला तो पलीकडच्या डॉक्टरांनी.

पुढे थोड्याच दिवसांत नातवंडं कोशातून बाहेर आली. आत्याही बघायला आली होती. तांबड्या गर्दीत मध्येच एक, मग आणखी एक, जांभळा डोळा घेऊन ओले पंख वाळवत बसलेली. धाकटीनं बाटली बाईंच्या हातात ठेवली. बाई बाटली फिरवून फिरवून बघत राहिल्या, लहान मूल बघतं तशा.

"किती सुंदर डोळे!" त्या म्हणाल्या. "यांच्या जोड्या कशा लावायच्या गं?"

धाकटीनं क्षणभर आत्याकडे बघितलं. मग ती बाईंच्या पायाशी बसली.

"रानच्या नवऱ्या, काचेचे नवरे," ती म्हणाली. "उलट कधी करायचं नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या बाईंनी. रोज सांगायच्या."

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "तेच तेच घोकायच्या म्हणजे! कंटाळली असशील."

"नाही हो," धाकटी म्हणाली. "पुन्हा सांगू?"

"सांग," बाई म्हणाल्या, आणि पुढ्यातला कापूस उचलून बोळा वळू लागल्या.